साहेबांचं जेवणाचं बाक

माझा हात चांगला आहे असं लोक म्हणतात. मी दातांची डॉक्टर आहे, त्यामुळे काम चालू असताना त्यांना हे म्हणता येत नाही. काम संपल्यावर, अर्धा गाल बधिर असताना म्हणतात. बधिर गालाने केलेली स्तुती कितपत खरी मानायची, हे ज्याचं त्याने ठरवावं. मी ती आजवर शंभर टक्के खरी मानत आले. पार आतल्या दाढेत, जिथे आरसाही नीट शिरत नाही, तिथे मी तांदळाच्या दाण्याएवढं सिमेंट बेमालूम बसवते. मग लाकडाचं एक छोटं बाक करायला असं काय लागतं, असं मला वाटलं. पुढे जे झालं ते सगळं या वाटण्यामुळे झालं.

बाक कुत्र्यासाठी होतं आणि कुत्रा माझ्या सासऱ्यांचा होता. सासूबाई गेल्यावर बाबा आमच्याकडे राहायला आले, ते कपड्यांच्या बॅगा, एक आरामखुर्ची आणि हा उंच, लांब तोंडाचा, करड्या रंगाचा प्राणी घेऊन. त्याचं नाव साहेब. "सगळी नोकरी साहेबाने उठ म्हटलं की उठलो, बस म्हटलं की बसलो," बाबा सांगायचे. "म्हटलं, निवृत्त झाल्यावर आपल्या शब्दावर उठणारा-बसणारा एक तरी साहेब असावा." प्रत्यक्षात साहेब कुणाच्याच शब्दावर काही करत नसत. बाबा "साहेब, बसा" म्हणायचे आणि साहेब सावकाश दुसऱ्या खोलीत निघून जायचे. घरात सगळेच त्यांना अहो-जाहो करायचे. पहिले काही दिवस मी "ए कुत्र्या" म्हणून पाहिलं, पण त्यावर त्यांनी माझ्याकडे असं काही बघितलं, की मीही मुकाट्याने "साहेब, जरा सरकता का" वर आले.

आमच्यात फारसं सख्य नव्हतं. माझ्या हाताला येणारा क्लिनिकचा वास त्यांना खपत नसे, आणि माझ्या काळ्या कपड्यांवर पडणारे त्यांचे केस मला खपत नसत.

तर, साहेब म्हातारे झाले. जेवणाची थाळी खाली ठेवली की जवळ जायचे, मान अर्धी खाली न्यायचे आणि तिथेच थांबायचे. मग भिंतीकडे बघत उभे राहायचे, जणू थाळीशी आपला काही संबंधच नाही. हे बघून बाबा जमिनीवर फतकल मारून बसायचे आणि त्यांना हाताने एकेक घास भरवायचे. आता बाबांचे गुडघे साहेबांच्या मानेहून बरे होते अशातला भाग नाही. भरवून झालं की "कुणी आहे का रे?" अशी हाक यायची, आणि मग मी किंवा माझा नवरा जाऊन त्यांना काखेत हात घालून उठवायचो.

शेवटी आम्ही तिघं साहेबांना घेऊन प्राण्यांच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी मान दाबून बघितली. साहेब गुरगुरले.

"मान आखडलीय. वय झालं," डॉक्टर म्हणाले. "खाली वाकताना दुखतं, म्हणून खात नाहीत. जेवणाची भांडी छातीच्या उंचीवर ठेवा. तयार स्टँड मिळतो. नाहीतर एखाद्या सुताराकडून छोटंसं बाक करून घ्या, वर दोन भोकं, त्यात भांडी बसवायची."

"मी करते," मी म्हणाले.

माझा नवरा भिंतीवरचं गोचिडांचं चित्र निरखून बघायला लागला. लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर माणसाला कुठे बघायचं ते कळतं.

"तुम्ही स्वतः?" डॉक्टरांनी विचारलं.

त्यांनी नुसतं "तुम्ही?" विचारलं असतं तर कदाचित मी शुद्धीवर आले असते. पण त्या "स्वतः"ने घात केला. "त्यात काय? दाताच्या मानाने लाकूड म्हणजे लोणी," मी म्हणाले.

त्या रविवारी नणंदबाईंचा फोन आला. ती दुसऱ्या गावात राहते, माझ्या नवऱ्याहून लहान, आणि दर रविवारी बाबांना विचारते, "वहिनी लक्ष देतात ना तुमच्याकडे?" बाबांना कमी ऐकू येतं म्हणून फोन स्पीकरवर असतो, त्यामुळे हा प्रश्न मला दर रविवारी ऐकू येतो. या वेळी बाबांनी उत्तर द्यायच्या आत मी स्वयंपाकघरातून ओरडले, "मी साहेबांसाठी बाक बनवतेय! स्वतःच्या हाताने!" नणंदबाई म्हणाली, "अरे वा. मी पुढच्या महिन्यात येणारच आहे. बघेन." त्या "बघेन"नंतर माघार घेणं शक्य नव्हतं.

बाल्कनीतली कपड्यांची दोरी काढून मी तिथे कारखाना थाटला. फळ्या आणल्या, करवत आणली, कानस, पॉलिश पेपर, स्क्रू, गोंद आणला, आणि थाळीच्या जागी काठाच्या दोन खोलगट वाट्या आणल्या. सुरुवात साहेबांच्या मापापासून. मी टेप घेऊन जवळ गेले की साहेब खाली बसायचे. उभं केलं की परत बसायचे.

"पहिल्यांदा बसले बघ साहेब!" बाबा आरामखुर्चीतून म्हणाले. "मला इतकी वर्षं कुणी सांगितलंच नाही, की यांना टेप दाखवायची असते."

अखेर नवऱ्याने पुढून बिस्किट दाखवलं, मी मागून टेप लावली आणि छातीची उंची मिळाली. चार पाय कापले. वरच्या फळीवर वाटी ठेवून, तिच्या काठाभोवती पेन्सिल फिरवून मी सुंदर गोल काढला, आणि बारीक पात्याच्या करवतीने तो त्याहून सुंदर कापला. खरं सांगते, ते भोक बघत मी काही वेळ नुसती बसले होते. क्लिनिकमध्ये आल्यागेल्या पेशंटला मी या बाकाबद्दल सांगत होते. तोंडात सगळी हत्यारं असल्यामुळे कुणीही शंका काढली नाही.

मग मी त्या भोकात वाटी ठेवली. वाटी थेट खाली गेली, फरशीवर आदळली आणि घरभर घरंगळत आवाज करत फिरली. साहेब पलंगाखाली गेले.

"काय झालं?" आतून नवऱ्याने विचारलं.

"काही नाही. वाटी बसवून बघतेय."

"बसली?"

"बसली. खाली."

वाटीचा काठ भोकावर टेकायला हवा, म्हणजे भोक काठापेक्षा लहान हवं, ही गोष्ट सांगायला दाताची डॉक्टर लागत नाही. पण मी काठाचंच माप घेतलं होतं, आणि अतिशय काटेकोरपणे घेतलं होतं. शहाण्या बाईने दुसरी फळी आणली असती. मला मात्र भोक दिसलं की ते भरायचंच सुचतं. दुसऱ्या दिवशी मी फळी बगलेत मारून क्लिनिकमध्ये गेले, कवळी करायची गुलाबी पूड तिच्या द्रवात कालवली आणि भोकाच्या आतल्या कडेने जाड कडं थापलं. पाण्याच्या वाटीचं भोकही मी उत्साहाच्या भरात आधीच कापून ठेवलं होतं, त्यालाही थापलं. मग ते घासून, चकचकीत करून सुकायला बाहेर, पेशंट बसतात तिथल्या खिडकीत ठेवलं.

त्याच दिवशी एक आजोबा नवी कवळी न्यायला आले होते. ते खिडकीपाशी बसले, त्या फळीकडे बघितलं, पुन्हा बघितलं, आणि मी बाहेर आल्यावर चिरक्या आवाजात म्हणाले, "डॉक्टर, ही माझी नाही ना?"

संध्याकाळी घरी फळीला पाय ठोकले. वाट्या त्या गुलाबी कड्यांत अशा बसल्या, जशी हिरडीत दाढ. नवऱ्याने बाकाला एक फेरी मारली. "बाकाला कवळी बसवलीस," तो म्हणाला. एवढंच. तो मुळात सज्जन आहे.

बाक मात्र डुगडुगत होतं. चारपैकी कुठला पाय मोठा ते कळेना. तेव्हा मला सिमेंट भरल्यावर पेशंटच्या दातांखाली धरतो तो निळा कागद आठवला. "चावा" म्हटलं की जिथे उंच असेल तिथे निळा ठिपका उठतो, तेवढं घासायचं. मी चारी पायांखाली तो कागद घातला, बाक दाबलं आणि त्याला, सवयीने, "चावा" म्हणाले. बाबांनी वर्तमानपत्र खाली केलं, माझ्याकडे बघितलं आणि परत वर केलं. पण ठिपके उठले. घासत, दाबत, "चावा" म्हणत मी ते बाक असं टेकवलं, की त्यावर हत्ती उभा राहिला तरी हललं नसतं. हे मी फुशारकी म्हणून सांगत नाही. म्हणजे, फुशारकी आहेच, पण खरी आहे.

उद्घाटनाला दोन्ही वाट्या भरल्या. साहेब आले. त्यांनी बाक हुंगलं, गुलाबी कड्यापाशी नाक नेलं आणि दोन पावलं मागे सरले. तोंड घट्ट मिटलेलं, डोळे मोठे. माझ्या खुर्चीत बसणारी लहान मुलं अगदी अशीच मागे सरतात.

"आज भूक नसेल त्यांना," बाबा म्हणाले.

दुसऱ्या दिवशीही नव्हती, तिसऱ्या दिवशीही नव्हती. मग मी कारणं शोधायला लागले. वास येत असेल, म्हणून बाक उन्हात ठेवलं. उंची जास्त असेल, म्हणून पाय थोडे कापले. मग कमी वाटली, म्हणून पायांखाली लाकडाचे तुकडे चिकटवले आणि पुन्हा "चावा" झालं. बाकाचं तोंड भिंतीकडे केलं, खिडकीकडे केलं. क्लिनिकमधून आले की हातातली पिशवी ठेवायच्या आधी मी कानस उचलायची. साहेब रोज वास घ्यायचे आणि सभ्यपणे निघून जायचे. एक गोष्ट मला विचित्र वाटत होती, ती म्हणजे ते वाळत नव्हते. उलट अंग जरा भरल्यासारखं दिसत होतं. मी म्हटलं, म्हातारपणी खाणं कमी लागत असेल.

आणि नणंदबाईंचा यायचा दिवस उजाडला. नवरा तिला आणायला गेला. तिच्यासमोर साहेबांनी निदान एक घास तरी त्या बाकावरून खावा, म्हणून माझा जीव चालला होता. बाबा म्हणाले, "त्यांना कळत नसेल ते काय आहे." मला वाटलं, असेल, दाखवायला हवं. मी बाकापुढे दोन्ही हात आणि गुडघे टेकले, मान लांब केली, तोंड वाटीत घातलं आणि "मच्‌ मच्‌, वा, काय छान!" असं म्हणायला लागले. साहेब आणि बाबा दोघंही मन लावून बघत होते. दार कधी उघडलं ते कळलंच नाही.

"दादा," मागून नणंदबाईंचा आवाज आला, "तू वहिनींना जेवायला देतोस ना?"

मी तोंड वर केलं. नाकाला भाताची शितं होती. नवरा बॅग हातात घेऊन दारात उभा होता, आणि या वेळी त्याला बघायला गोचिडांचं चित्रही नव्हतं.

नणंदबाई वाईट नाही. ती पाणी प्यायली, मग तिने बाक पाहिलं, गुलाबी कड्यावरून बोट फिरवलं आणि अगदी हळुवारपणे विचारलं, "वहिनी, ही हिरडी आहे का?" मग दिवसभर त्या विषयावर काही बोलली नाही. संध्याकाळी निघताना मात्र माझा हात हातात घेऊन म्हणाली, "एखादा सुतार बघा ना. तुम्हाला कामाचा किती व्याप असतो." बोलणं गोड होतं, म्हणूनच जास्त झोंबलं.

त्यानंतर काही दिवसांनी क्लिनिकच्या इमारतीतली वीज गेली. पेशंटना परत पाठवून मी सकाळीच घरी आले. किल्लीने दार उघडून चपला काढतेय तोवर आतून बाबांचं बोलणं ऐकू आलं.

"साहेब, आटपा. असं चघळत बसू नका. ती आली की परत कानस घेऊन बसेल बिचारी, आणि परत तुम्हाला ते गुलाबी भोक हुंगायला लावेल."

मी दाराच्या आडून बघितलं. बाबा बाकाशेजारी जमिनीवर पाय पसरून बसले होते. मांडीवर डबा. त्यातला भात आणि चिकनचे तुकडे कालवून ते साहेबांच्या तोंडासमोर धरत होते, आणि साहेब मान सरळ ठेवून ऐटीत एकेक घास घेत होते. डबा संपला. बाबांनी त्याला झाकण लावलं, दोन्ही हात बाकावर रोवले, "हं" म्हणाले आणि उठले. एकटे.

खरं तर त्या क्षणी माझं मन भरून यायला हवं होतं. माझ्या मनात पहिला विचार आला तो असा, की बाक जराही हललं नाही. दुसरा विचार आल्यावर मात्र मी भडकले.

"बाबा!"

बाबा दचकले आणि डबा पाठीमागे लपवला. साहेबांनीही तोंड पुसल्यासारखी जीभ फिरवली.

"तुम्ही त्यांना रोज आधीच भरवता?"

"रोज नाही," बाबा म्हणाले. साहेबांकडे बघितलं. "म्हणजे, रोजच."

"आणि मी इतके दिवस त्या बाकाची उंची कमी-जास्त करत बसले ती?"

"मला वाटलं, तुझा वेळ बरा जातोय."

मी खुर्चीत बसले. बाबा डबा धुवायला आत गेले, नळाखाली उगाचच बराच वेळ धूत राहिले, आणि तिथूनच, पाठमोरे, बोलले.

"अगं, तुम्ही दोघं सकाळी गेलात, की या घरात माझ्यावाचून अडणारं एवढं एकच पोट. तेही तुझ्या बाकावर जेवायला लागलं, तर मी काय करू दिवसभर? पंख्याकडे बघू?"

ते हसत म्हणाले.

"बाक मजबूत केलंयस हं पण," ते हात पुसत बाहेर आले. "त्यालाच धरून उठतो मी. आधी पलंगाचा पाय धरायचो, तर पलंगच सरकायचा."

मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला. "कुणी आहे का रे?" ही हाक कितीतरी दिवसांत ऐकू आली नव्हती. आमच्या घरात रोज येणारी हाक थांबली होती आणि मला पत्ता नव्हता. मी लाकडाचे पाय मोजत होते.

मी उठले, जेवणाच्या टेबलाची एक खुर्ची आणली आणि बाकाच्या शेजारी ठेवली.

"बाबा, इथे बसा. वाटीतला घास घ्यायचा आणि द्यायचा. वाटी वरच आहे, त्यांना वाकायला नको, तुम्हाला खाली बसायला नको."

बाबांनी बसून बघितलं. एक हात वाटीत, एक हात साहेबांच्या मानेवर. साहेबांनी नुकतंच पोटभर खाल्लं होतं, तरी रिकाम्या वाटीतला हात चाटून घेतला.

"जमतंय," बाबा म्हणाले. मग जरा थांबून, "आणि तुला हे कळलंच नाही, असं धरायचं का आपण?"

"धरा. आणि तुमच्या लेकीला तर मुळीच सांगू नका."

"छे. तिला सांगतो, बाक चाललं."

तसंच त्यांनी सांगितलं. रविवारी फोनवर नणंदबाई म्हणाली, "खरंच? खातात?" बाबा म्हणाले, "खातात म्हणजे? बसून खातात." कोण बसून, हे त्यांनी सांगितलं नाही.

पुढच्या वेळी प्राण्यांच्या डॉक्टरांकडे गेलो, तेव्हा त्यांनी साहेबांना काट्यावर उभं केलं आणि भुवया वर केल्या. "वजन चांगलंच वाढलंय की! स्टँड कुठून घेतला?"

मी तोंड उघडायच्या आत बाबा म्हणाले, "आमच्या सुनेनं केलंय. स्वतः."

मी आयुष्यात अनेक प्रमाणपत्रं घेतली आहेत, क्लिनिकच्या भिंतीवर ती काचेच्या चौकटीत लावलीही आहेत. पण त्या "स्वतः"ने मी परतीच्या वाटेवर गाडीत इतकी फुलले, की नवरा म्हणाला, "आता पुस्तकांचं कपाट करायला घेऊ नकोस." मी त्याच्याकडे दुर्लक्ष केलं.

आता शेवटची गोष्ट, जी मी अजून घरात कुणाला सांगितलेली नाही.

सुट्टीची सकाळ होती. नवरा झोपला होता, बाबा आंघोळीला गेले होते. मी साहेबांची वाटी भरून बाकावर ठेवली होती आणि चहाचं आधण चढवलं होतं. इतक्यात बाहेरून लप-लप असा आवाज आला. मी हळूच डोकावले. साहेब बाकापुढे एकटे उभे होते, मान सरळ, चार पाय रोवलेले, आणि वाटीत तोंड घालून निवांत खात होते. गुलाबी कड्याची त्यांना काहीही अडचण नव्हती. माझी चाहूल लागली तशी त्यांनी तिरक्या डोळ्याने माझ्याकडे बघितलं आणि खाणं चालू ठेवलं. वाटीचा तळ चाटून झाला तरी वाटी जराही न हलता कड्यात बसून होती.

मला नवऱ्याला उठवायचं होतं. नणंदबाईंना फोन लावायचा होता. फोटो काढून सगळ्या नातेवाईकांना पाठवायचा होता. फोन माझ्या हातातही होता.

तेवढ्यात न्हाणीघराची कडी वाजली. साहेबांनी तोंड चाटून साफ केलं, जाऊन खुर्चीशेजारी उभे राहिले आणि चेहरा असा केला, की कालपासून अन्नाचा कण पोटात गेलेला नाही.

बाबा डोकं पुसत बाहेर आले. "भूक लागली का साहेब? आलो, आलो," म्हणत खुर्चीत बसले, आणि वाटीत हात घातला. "अगं, वाटी रिकामी कशी?"

"अजून वाढलंच नव्हतं, बाबा," मी म्हणाले. फोन ओट्यावर ठेवला आणि पातेलं घेऊन आले.

बाबांनी पहिला घास पुढे केला. साहेबांनी तो अगदी हावऱ्यासारखा घेतला, दुसराही घेतला.

"बघ कसे खातायत," बाबा म्हणाले. "तू कमी वाढतेस त्यांना."

मी आणखी एक डाव भात वाढला.